आहारशिक्षण : कोणी कोणास द्यावे?

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या म्हणजे ठाण्याच्या जांभळी नाक्यावर, कल्याणच्या स्टेशनाबाहेर आणि डोंबिवलीच्या फूटपाथांवर एक निराळाच बाजार भरू लागतो. शहापूर, मुरबाड, कर्जत या बाजूंच्या ठाकूर व कातकरी बाया पहाटेच्या गाडीने येतात आणि फडक्यावर शेवळांच्या जुड्या, टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी अशी रानातील भाजी मांडून बसतात. शेवळांच्या जुडीशेजारी काकडांचा, म्हणजे लहान हिरव्या आंबट फळांचा, वाटा असावयाचाच. गिऱ्हाईक नवखे दिसले की बाई आपण होऊन सांगते की, आतला पिवळा भाग काढून टाका, काकडे घातल्यावाचून शिजवू नका, नाहीतर घसा खवखवेल. अळूप्रमाणे शेवळातही चुन्याच्या क्षाराचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात व ते घशास टोचतात, हे ज्ञान रसायनशास्त्राने मागाहून दिले. आंबटाचा उतारा मात्र रानातील बायांनी फार पूर्वीच शोधून ठेवला होता.

हे जे दोन-तीन वाक्यांचे शिक्षण भररस्त्यात होऊन जाते, ते प्रौढांच्या आहारशिक्षणाचा उत्तम नमुना होय. शिकवावयाची वस्तू समोर आहे, न शिकल्यास होणारा त्रास प्रत्यक्ष आहे आणि शिकलेले त्याच संध्याकाळी चुलीवर करून पाहावयाचे आहे. गंमत एवढीच की येथे शिकविणारी निरक्षर असते आणि शिकणारी पुष्कळदा पदवीधर. हेच पात्र उलटे झाले, म्हणजे शहरातील शिकलेली मंडळी त्या बाईच्या पाड्यावर जाऊन तिला आहारशास्त्र सांगू लागली, की मग वस्तू, प्रसंग आणि चूल ही तिन्ही नाहीशी होतात व उरते ते भिंतीवरचे एक रंगीत चित्र. त्या चित्रात सफरचंद असते, बदाम असतात, दुधाचा भरलेला पेला असतो. पाहणाऱ्या बाईच्या घरात यांपैकी एकही वस्तू वर्षाकाठी येत नाही, हे चित्रकारास कोणी सांगितलेले नसते. ती चित्र पाहते, मान डोलावते आणि चांगले अन्न म्हणजे आपल्यासारख्यांसाठी नव्हे, एवढा एकच धडा शिकून घरी जाते.

हा विषय केवळ पुस्तकी नाही. १९९२-९३ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे बालके भुकेने व रोगाने दगावली, तेव्हा मुंबईपासून काही तासांच्या वाटेवर असे घडू शकते या जाणिवेने सारा महाराष्ट्र हादरला होता. २०१४ साली जिल्ह्याचे विभाजन होऊन जव्हार, मोखाडा, डहाणू हे तालुके पालघर जिल्ह्यात गेले. शहापूर व मुरबाड ठाण्यातच राहिले आणि प्रश्न दोन्हीकडे राहिला. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ रक्तक्षयाने पीडित आढळल्या व पाच वर्षांखालील बालकांपैकी शेकडा ३५ वयाच्या मानाने खुजी आढळली. हे आकडे एकट्या डोंगरातील नव्हेत, त्यांत शहरेही आली. ज्या घरी दोन्ही वेळा पोटभर भात शिजतो, त्या घरातील सुनेचेही डोळे पांढुरके असू शकतात.

पोटभर आणि पुरेसे यांतील हे अंतर प्रौढ माणसास कसे समजवावे, हा प्रश्न जगातील सर्वच गरीब देशांपुढे आहे. त्याचे उत्तर जेथे जेथे थोडेफार सापडले, तेथे शिक्षकाने आधी ऐकले असे दिसून येते. सिसिली विल्यम्स या डॉक्टरीण बाई १९३० नंतरच्या काही वर्षांत आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशात, काम करीत होत्या. अंगावर सूज आलेली, केस तांबूस झालेली, रडून रडून थकलेली बालके त्यांच्यापुढे येत. त्यांनी तेथील स्त्रियांस या रोगाचे नाव विचारले. गा भाषेत त्यास 'क्वाशिओरकोर' म्हणत आणि त्या शब्दाचा रोख असा की, पाठचे भावंड आल्यामुळे आईच्या अंगावरून दूर झालेल्या मुलाचा आजार. आईचे दूध तुटले व त्याच्या जागी नुसती मक्याची पेज आली, हे सारे निदान त्या एका शब्दात होते. विल्यम्सबाईंनी तोच शब्द १९३५ साली वैद्यकाच्या नियतकालिकात छापला आणि तो आज साऱ्या जगाच्या पाठ्यपुस्तकांत आहे. आपल्याकडे कोणी डॉक्टर पाड्यावरील म्हातारीस रोगाचे नाव विचारून ते वहीत टिपून घेताना सहसा दिसत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आपल्याच मुलखातील एक उदाहरण याहून जवळचे आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी मुलांस किंवा आईबापांस दोष दिला नाही. शाळाच उचलून पाड्यातील अंगणात नेली, आणि जी मुले गुरांमागे जात त्यांच्यासाठी कुरणात शाळा भरविली. पाने, फुले, बिया, शिंपले हीच खेळणी झाली. 'अंगणवाडी' हा शब्द या कार्यातून आला आणि १९७५ साली २ ऑक्टोबरपासून केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तो देशभर गेला. त्या योजनेच्या सहा सेवांत मुलांचे पूरक अन्न, लसटोचणी, तपासणी यांबरोबर प्रौढ स्त्रियांस आहार व आरोग्य यांचे शिक्षण ही एक सेवा प्रथमपासून लिहिलेली आहे. परंतु सहा भावंडांत एखादे अबोल असावे आणि पंगतीत त्याच्या पानावर वाढावयाचे राहून जावे, तशी या सेवेची गत झाली आहे. सेविकेच्या माथ्यावर नोंदवह्यांचा भार इतका, की अंगणात बसून बायांशी तासभर बोलण्यास तिला सवड कोठून मिळावी?

बोलावयाचे तरी काय? येथे पुष्कळ सुशिक्षितांची समजूत अशी असते की, शास्त्र तेच ठेवावे आणि भाषा तेवढी सोपी करावी, म्हणजे झाले. 'प्रथिने' या शब्दाऐवजी 'डाळ' म्हटले की काम भागले! हे पुरेसे नाही. शब्दाआधी ताट पाहिले पाहिजे, आणि तेही महिन्यामहिन्याचे ताट. दिवाळीनंतर घरात नवे भात असते, वाल असतात. चैत्र-वैशाखात सुकी मासळी व कंद यांवर वेळ निभते. मृग लागला की शेतातील खेकडे, ओढ्यात चढणारे मासे व रानभाज्या येतात, पण धान्याची कणगी मात्र रिकामी झालेली असते. ज्यास हे वेळापत्रक ठाऊक नाही, तो श्रावणात डाळीचे महत्त्व सांगतो आणि माघात टाकळ्याचे! सल्ला खरा असूनही खोटा पडतो. शहापूरच्या बाबतीत तर याचा कळसच झालेला आहे. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे याच तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बाया हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालतात. अशा बाईस वैशाखात परसबाग लावण्याचा उपदेश करणे म्हणजे तिची थट्टा करणे होय.

ताट पाहिल्यावर भीतीही ऐकली पाहिजे. गरोदर स्त्रीने कमी खावे, म्हणजे मूल लहान राहते व बाळंतपण सोपे जाते, असे मानणारी घरे पुष्कळ आहेत. त्यास अडाणीपणा म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे. परंतु ज्या पाड्यास धड रस्ता नाही, जेथून पावसाळ्यात अडलेल्या बाईस झोळी करून माणसांच्या खांद्यावरून न्यावे लागते, तेथे मोठ्या बाळाची भीती ही कल्पित भीती नव्हे. सासू सुनेस जी अर्धी भाकरी कमी वाढते ती दुष्टपणाने नव्हे, पोटच्या पोरीस अडलेली पाहिल्याच्या आठवणीने. तिला आधी हे सांगावे लागते की, आईच्या उपासाने बाळ अशक्त होते आणि बाळंतपणाचे श्रम सोसण्याचे बळ सुनेच्याच अंगातून जाते. दवाखान्यात कोणत्या वाटेने, कोणाच्या गाडीने न्यावयाचे, हे त्याच बैठकीत ठरले तर भाकरीचा विषय आपोआप पुढे सरकतो. आणि हे सुनेपुढे बोलून उपयोग नाही. वाढणारा हात सासूचा असतो, म्हणून विद्यार्थिनी सासू.

उष्ण-थंडाचेही तसेच. पपई उष्ण म्हणून गरोदरपणी वर्ज्य आहे. ती खाच असा हट्ट धरण्यात शहाणपण ते कोणते? पिवळ्या भोपळ्यास किंवा शेवग्याच्या पाल्यास कोणाचा विरोध नसेल तर त्याच्यावर भर द्यावा. रूढी ही दर वेळी शत्रू नसते. ती कित्येकदा निरुपद्रवी असते आणि कधी कधी शिक्षकाहून हुशार असते. नाचणीचेच पाहा. लहान मुलाचे पोट लहान, आणि पेज घट्ट केली तर ते गिळत नाही, पातळ केली तर पोट पाण्यानेच भरते. नाचणी भिजवून, मोड आणून, सुकवून दळली तर मोडातील एक द्रव्य शिजलेल्या पिठास सैल करते. मग तेवढ्याच वाटीत अधिक पीठ घालूनही पेज मुलाच्या घशाखाली उतरते. टांझानियात १९८० नंतरच्या दशकात या युक्तीचा अभ्यास झाला. बडोद्याच्या विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी याच तत्त्वावर मोठे काम केले. आणि महाराष्ट्रातील कित्येक आज्या नातवंडांसाठी मोड आणलेल्या नाचणीचे पीठ आधीपासून करीतच होत्या! येथे शिक्षकाचे काम नवे शिकविण्याचे नाही. जुने मोडीत निघू न देण्याचे आहे.

कारण ते मोडीत निघत आहे. नाचणीत शंभर ग्रॅमांमागे सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना असतो, तर सडलेल्या पांढऱ्या तांदळात जेमतेम १० मिलिग्रॅम. पण डोंगरउतारावर नाचणी लावण्याचे कष्ट मोठे आणि रेशनच्या दुकानात मिळतो तो मुख्यतः तांदूळ व गहू. त्यात नाचणीची काळी भाकरी ही गरिबीची खूण ठरली. डोंबिवलीच्या सधन घरात डॉक्टरांच्या सल्ल्यावरून नाचणीची बिस्किटे भारी किमतीस घेतली जातात आणि त्याच घरी भांडी घासण्यास येणाऱ्या बाईची मुलगी नाचणीची भाकरी डब्यात नेण्यास लाजते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, पुष्कळ भाषणे झाली, त्याचा लाभ बिस्किटांच्या कारखानदारांस अधिक झाला की त्या मुलीस, हे ज्याचे त्याने पाहावे. तिच्या आईस नाचणीतील चुन्याचे प्रमाण सांगण्यापेक्षा मालकीणबाईने एक दिवस तिच्याकडून भाकरी थापण्यास शिकून घेतली, तर त्या घरातील आहारशिक्षण दोन्ही बाजूंनी पुरे होईल.

आदिवासींच्या अन्नाकडे शास्त्राच्या डोळ्यांनी पण आदराने पाहण्याचे एक ठळक उदाहरण डॉ. कमला सोहोनी यांचे आहे. केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या विदुषीने मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेचे पृथक्करण केले आणि कुपोषित आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेची भर घातल्याने त्यांची प्रकृती सुधारते असे दाखवून दिले. ताडाखाली बसलेल्या माणसास त्यांनी परदेशी टॉनिकचे नाव सांगितले नाही. त्याच्याच मडक्यात काय आहे ते तपासले.

याच वाटेने व्हिएतनाममध्ये १९९०-९१ साली एक प्रयोग झाला, तो तर ठाणे जिल्ह्यासाठीच केला असावा असे वाटते. थान होआ प्रांतात जेरी व मोनिक स्टर्निन या दांपत्यास मुलांचे कुपोषण हटविण्यास बोलाविले होते आणि हाताशी पैसा फारसा नव्हता. त्यांनी गावकऱ्यांनाच मुलांची वजने घेऊ दिली आणि विचारले की, अगदी गरीब असूनही ज्यांचे मूल धष्टपुष्ट आहे अशी घरे आहेत काय? तशी घरे निघाली. त्या घरातील आया भातखाचरांतील बारीक झिंगे व खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या भातात घालीत. इतर लोक ते मुलांस अपथ्य समजत किंवा हलके अन्न मानत. शिवाय त्या मुलांस दिवसातून दोनदा नव्हे, थोडे थोडे पुष्कळ वेळा भरवीत. मग व्याख्यान न देता शेजारणींनी एकत्र बसून तेच शिजवावयाचे ठरले आणि बैठकीस येताना प्रत्येकीने मूठभर झिंगे किंवा पाला आणावा, हीच काय ती फी! मूठभर झिंगे आणण्यासाठी बाईस खाचरात उतरावे लागे आणि त्या उतरण्यातच निम्मे शिक्षण होऊन जाई. आपल्याकडे शहापूर-मुरबाडच्या भातखाचरांत मुठे सापडतात, पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात. अशा प्रत्येक पाड्यावर एखादी तरी माउली असेलच, जिचे मूल शेजारच्या मुलापेक्षा अंगाने भरलेले आहे. तिला शोधून काढणे आणि शेजारणींना तिच्या चुलीपाशी बसविणे, याहून स्वस्त शाळा कोणती?

सरकारी बाजूनेही एक शहाणपणाचे पाऊल पडले. २०१५ साली महाराष्ट्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने अमृत आहार योजना निघाली व आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांस अंगणवाडीत बसवून दिवसास एक वेळचे गरम पूर्ण जेवण देण्याचे ठरले. घरी नेलेले पाकीट साऱ्या कुटुंबात वाटले जाते, आणि आई तर स्वतःच्या वाट्यास शेवटी येणार, हे यामागचे तत्त्व फार खोल आहे. अशा जेवणाच्या पंगतीत, हात ताटात असताना, जो विषय निघेल तो कानांवरून जात नाही. जेवताजेवता चहा घेतल्याने अन्नातील लोह अंगी कमी लागते आणि पालेभाजीवर लिंबू पिळल्याने अधिक लागते, या दोन गोष्टी तेथे सांगून पाहाव्यात. चहाची सवय मोडणे अवघड आहे, पण तो जेवणापासून तासभर दूर सरकविणे तितके अवघड नाही.

मापेही घरचीच हवीत. ग्रॅम आणि कॅलरी हे शब्द मुरबाडच्या आठवड्याच्या बाजारात कोणी वापरीत नाही. मूठ, ओंजळ, वाटी, पळी या मापांत सांगितलेले तेवढे लक्षात राहते. डोंबिवलीतील मधुमेहाच्या रोग्यासही हे लागू आहे. त्याच्या हाती छापील तक्ता दिला जातो, त्यात ओट्स आणि ब्रोकोली असतात. बिचारा तो तक्ता शीतपेटीवर चिकटवितो आणि पोळी किती खावी हे मात्र कोणी न सांगितल्यामुळे पूर्वीइतकीच खातो.

नभोवाणीचाही या कामी उपयोग कसा व्हावा, हे पुण्यास १९५६ साली अजमावून पाहिले गेले आहे. दीडशे गावांत श्रोतृमंडळे नेमून शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम केले गेले. मंडळी एकत्र बसून ऐकत, मागाहून चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. पुढे तपासले तेव्हा चर्चा करणाऱ्या गावांत ज्ञान पुष्कळ वाढलेले दिसले, आणि ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते तेथे फारच थोडे. तेव्हा आहारावरील भाषण ऐकून जी मंडळी यंत्र बंद करून निजावयास जातात, त्यांच्याविषयी फार आशा बाळगू नये.

शेवटी एका अशा वर्गाविषयी, जो कोणत्याच शाळेत सापडत नाही. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे पाडे सोडून भिवंडी, कल्याण या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर येतात ती पावसाच्या तोंडाशी परत जातात. पाड्यावरच्या अंगणवाडीच्या वहीत त्यांच्या मुलांची नावे असतात आणि मुले भट्टीवर असतात. भट्टीजवळच्या अंगणवाडीत मुले दिसतात, पण वहीत नावे नसतात. आई पहाटेपासून चिखल तुडविते. मुलास दुपारी भरविण्यास मोठी बहीण, तीही सात-आठ वर्षांची. अशा ठिकाणी शिक्षण द्यावयाचे ते त्या बहिणीस धरून द्यावे लागेल, आणि दिवस मावळल्यावर, मजुरीचा हिशेब झाल्यावर, तीन दगडांच्या चुलीपाशी. आधी भट्टीच्या मालकाशी बोलून दुपारची अर्धा तास सुटी मागावी लागेल, म्हणजे आईस मुलास पाजता येईल. जवळच्या अंगणवाडीच्या वहीत त्या मुलांची नावे चढवून घ्यावी लागतील. कल्याण-डोंबिवलीत महिलामंडळे पुष्कळ आहेत आणि भट्ट्या शहराच्या वेशीपासून फार दूर नाहीत. कार्तिकात लोक येतात, तेव्हा नावे लिहून घेण्याचे काम कार्तिकातच झाले पाहिजे, कारण फाल्गुनापर्यंत बालकांचे वजन बरेच उतरलेले असते.